वाचकांचे प्रश्न : पाणी ओसरायची वाट बघणारा जाबिरू

मागच्या अंकात आपण जाबिरू करकोच्याचा फोटो छापला होता, ब्राझीलच्या पंतनाल नावाच्या पाणथळ प्रदेशातला, गुलाबी फुलांनी भरलेल्या झाडाच्या शेंड्यावर घरट्यात उभा असलेला. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही उत्तरं लांबलीत, पण त्याला इलाज नाही, कारण या पक्ष्याबद्दल बोलायला लागलं की पाणी, मासे, झाडं, गुरं, आग सगळं सोबत येतंच.

फोटोवरून अंदाज येत नाही, नक्की केवढा असतो हा पक्षी? आणि गळ्याला लाल दिसतंय ती जखम आहे का?

जखम नाही हो, बऱ्याच जणांना तसं वाटलेलं दिसतंय. जाबिरूचं डोकं आणि मानेचा वरचा बराचसा भाग उघडा असतो, तिथे पिसं नसतातच, नुसती काळी कातडी, आणि मानेच्या खालच्या टोकाला लाल कातडीचा एक पट्टा असतो जो ताणला जातो, फुगतो. पक्षी चिडला किंवा जोडीदारासमोर रंगात आला की हा लाल रंग आणखी भडक होतो. म्हणजे लाजणं, रागावणं, धमकावणं सगळं तो गळ्यातून दाखवतो म्हणा ना.

आता आकार. उभा राहिला की साधारण १.२ ते १.४ मीटर, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलाएवढा उंच, पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत २.३ ते २.८ मीटर, वजन ८ किलोच्या आसपास जाऊ शकतं आणि चोच एकटीच जवळपास ३० सेंटीमीटर. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये याच्याहून उंच कोणी नाही. पंखांच्या बाबतीत मात्र अँडीज पर्वतातला काँडोर गिधाड पुढे आहे. नर मादीपेक्षा थोडा मोठा असतो, त्याची चोचही जास्त लांब, बाकी दोघं सारखेच दिसतात. वयात न आलेले पक्षी करडे-तपकिरी असतात, स्वच्छ पांढरा रंग यायला त्यांना काही वर्षं लागतात.

अजून एक गोष्ट जी फोटोत दिसली नसेल. बहुतेक करकोच्यांच्या पंखांची उडायची पिसं काळी असतात, जाबिरूची तीसुद्धा पांढरीच असतात. त्यामुळे तो वरून जाताना पूर्ण पांढरे पंख, पुढे ताणलेली मान, काळं डोकं आणि मध्ये तो लाल पट्टा असं दिसतं, दुसऱ्या कशाशी गल्लत होणं अवघड आहे. मान ताणून उडतो म्हणजे बगळा नाही हेही तिथेच कळतं, बगळे उडताना मान आखडून घेतात.

पाणथळीतला पक्षी आहे तर पावसाळ्यात, भरपूर पाणी असताना पिल्लं घालायला पाहिजेत ना? तुम्ही लिहिलं होतं की तो कोरड्या महिन्यांत घरटं करतो. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, आणि मला विचाराल तर या पक्ष्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा. जाबिरूला पाणी लागतं हे खरंच आहे पण त्याचं घर चालतं ते ओसरणाऱ्या पाण्यावर. चढलेलं पाणी त्याच्या फारसं कामाचं नाही.

कसं ते बघा. पंतनालमध्ये साधारण ऑक्टोबर ते मार्च पाऊस पडतो. नद्या काठ सोडून गवताळ मैदानात पसरतात, मासे नदीतून बाहेर पडून त्या उथळ पाण्यात जातात, तिथे त्यांना खायला भरपूर मिळतं, लपायला जागा मिळते, ते वाढतात. म्हणजे अन्न तयार होतंय, पण ते शेकडो किलोमीटरभर विखुरलेलं आहे. अशा वेळी एवढ्या मोठ्या पक्ष्याने चोच घालून शोधत बसायचं म्हटलं तर दिवसभर चालून स्वतःचं पोट कसंबसं भरेल, घरट्यातल्या तीन-चार पिल्लांचं कुठून भरणार. मग पाऊस थांबतो, पाणी उतरायला लागतं, मैदानातलं पाणी आटत आटत तळ्यांमध्ये आणि नाल्यांमध्ये गोळा होतं आणि मासेही त्याच्याबरोबर तिथेच कोंडले जातात. ज्या डबक्यात गुडघाभर पाणी उरलंय तिथे इतके मासे असतात की पाणी हलताना दिसतं, आणि मग जाबिरू, बगळे, इतर करकोचे, केमन मगरी सगळे एकाच डबक्याभोवती.

जाबिरूची जोडी साधारण जून-जुलैपासून घरट्याचं काम सुरू करते ते या हिशोबाने, की पिल्लांची भूक सगळ्यात जास्त असेल तेव्हा डबकी माशांनी सगळ्यात जास्त भरलेली असावीत. अंडी २ ते ५, पांढरी. दोघं आळीपाळीने उबवतात, दोघं भरवतात. पिल्लू घरट्यातून उडायलाच जवळपास ११० दिवस घेतं आणि उडाल्यावरही आणखी दोनेक महिने आईबापांच्या मागे मागे असतं. म्हणजे एकूण एवढा वेळ जातो की बऱ्याच जोड्यांना दरवर्षी संसार मांडणं जमतच नाही, एक वर्ष पिल्लं आणि पुढचं वर्ष सुट्टी. म्हणून एखादं वर्ष फुकट गेलं तर ते भरून काढायला या पक्ष्याला फार वेळ लागतो हे पुढच्या एका उत्तरासाठी लक्षात असू द्या.

आणि समजा पाऊस अवेळी आला, कोरड्या दिवसांत पाणी पुन्हा चढलं, तर कोंडलेले मासे पुन्हा पसरतात आणि पिल्लं उपाशी पडतात. उलट आदल्या वर्षी पूर आलाच नाही तर मासे वाढलेलेच नसतात, मग डबकं आटून काय उपयोग. दोन्ही लागतं, आधी चांगला पूर आणि मग सावकाश ओसरणं.

व्हेनेझुएलाच्या यानोस नावाच्या गवताळ पूरमैदानात पावसाचे महिने उलटे आहेत, तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस. त्यामुळे तिथल्या जाबिरूंचं घरट्याचं कॅलेंडरही वेगळं, पण हिशोब तोच.

इतक्या गढूळ पाण्यात त्याला मासा दिसतो कसा?

दिसत नाहीच बहुतेक वेळा. तो चोचीने चाचपडून शिकार करतो. उथळ पाण्यात, घोटा ते गुडघा बुडेल एवढ्या, हळूहळू चालतो, चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात घालतो, बाहेर काढतो, परत घालतो, चिखलात खुपसतो, आणि चोचीच्या आत काही हललं की ती फटकन मिटते. नंतर डोकं मागे टाकून गिळतो. कधीकधी बरेच जाबिरू एका ओळीत पाणी ढवळत चालतात, एकाकडून सुटलेला मासा दुसऱ्याच्या चोचीत सापडतो. अर्थात स्वच्छ उथळ पाण्यात किंवा जमिनीवर काही दिसलं तर डोळ्यांनी बघूनही मारतो, तसं काही बंधन नाही.

खातो काय तर मासे, मोठ्या पाणगोगलगायी, खेकडे, बेडूक, साप, केमनची छोटी पिल्लं, कासवांची अंडी. पण त्याची खास आवडती वस्तू म्हणजे दलदलीतली वाम, ब्राझीलमध्ये तिला मुसुम म्हणतात. ही वाम फार चिवट प्राणी आहे, पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की वर येऊन तोंडात हवा भरून घेते, आणि डबकं पार आटलं तरी मरत नाही, चिखलात बीळ करून ओलाव्यात पडून राहते, पुन्हा पाऊस येईपर्यंत. बाकीचे मासेखाऊ पक्षी आटलेल्या डबक्यावरून निघून जातात तेव्हा जाबिरू तिथेच असतो, कारण त्या लांब जाड चोचीने भेगाळलेल्या चिखलात खोलवर चाचपता येतं. चोच बघितलीत तर टोकाकडे किंचित वर वळलेली असते. वाम सापडली की ती चोचीला वेटोळे घालते, तो तिला झटकतो, आपटतो, चोचीत मागेपुढे सरकवत चावत राहतो, हे बराच वेळ चालतं, मग एकदाची ती सैल पडली की डोक्याकडून आत. यानोसमध्ये पिल्लांच्या खाण्यात या वामेचा वाटा मोठा असतो.

आणखी एक काम तो करतो ज्याबद्दल कमी बोललं जातं. डबकी शेवटाला आली की मासे मोठ्या संख्येने मरतात, पाणी सडायला लागतं, तेव्हा जाबिरू मेलेले मासेही खातो. एवढी मोठी भूक असलेले पक्षी तिथे असतात म्हणून उरलेलं थोडंसं पाणी बाकीच्यांसाठी थोडं बरं राहतं. मेलेलं खातो म्हणून काही जणांना तो घाणेरडा वाटतो, मला तर या कामासाठी त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

आठवीतल्या एका मुलीने विचारलंय : जाबिरू कसा ओरडतो?

ओरडत नाही ग फारसा. करकोच्यांना गळ्यातून आवाज काढायची सोय खूपच कमी असते. मोठा जाबिरू बोलतो ते चोच वाजवून, वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर भराभर आपटून, जोडीदार घरट्यावर आला की किंवा शेजारी जास्तच जवळ आला की तो खडखडाट ऐकू येतो.

घरटं एवढं मोठं का दिसतंय? आणि त्याच्या खालच्या काटक्यांमध्ये हिरवं हिरवं काय आहे?

शाब्बास, ज्यांनी ते हिरवं बघितलं त्यांची नजर चांगली आहे. ते पोपट आहेत.

घरट्यापासून सुरू करू. जाबिरू वाळलेल्या काटक्यांचा मोठा माच बांधतो, उंच झाडाच्या अगदी वरच्या फांद्यांवर, बहुतेक वेळा आजूबाजूच्या झाडांपेक्षा उंच गेलेलं झाड निवडतो. पंतनालमध्ये फोटोतलं ते गुलाबी फुलांचं झाड म्हणजे पिउव्हा, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला पानं झडून नुसत्या फुलांनी भरतं, आणि दुसरं मांदुवी नावाचं जाड बुंध्याचं झाड. इतक्या उंचीवर कारण उघड आहे, एवढ्या मोठ्या पक्ष्याला फांद्यांच्या गर्दीतून आत-बाहेर करता येत नाही, वरून मोकळं पाहिजे, वाऱ्यावर नुसते पंख उघडले की निघता आलं पाहिजे. तेच घरटं जोडी वर्षानुवर्षं वापरते आणि दर हंगामात वर नव्या काटक्या घालते, त्यामुळे ते वाढत जातं, रुंदी एक मीटरच्या पुढे सहज जाते आणि जुनी घरटी तर खूपच जाड होतात.

आणि या काटक्यांच्या जाड थरात, खालच्या बाजूला, मंक पोपट आपली घरटी करतात. राखाडी छातीचे, हिरव्या पाठीचे छोटे पोपट. बाकीचे बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत राहतात, हे एकटे असे आहेत की काटक्या विणून स्वतःचं घर बांधतात आणि तेही एकाला लागून एक, चाळीसारखं. जाबिरूचा माच आयता मिळाला की त्याच्याच पोटात बोगदे करून ते राहतात. वर चार-पाच फूट उंचीचा करकोचा पिल्लांना वाम भरवतोय आणि त्याच्या पायाखाली वीतभर खालून पोपटांची ये-जा चालू आहे, कलकलाट चालू आहे, आणि कोणाला कोणाचा त्रास नाही. जाबिरूला पोपटांच्या पिल्लांमध्ये रस नसतो. पोपटांना काय मिळतं ते कळतं, वर एवढा मोठा पहारेकरी असला की शिकारी पक्षी यायला कचरतो. जाबिरूलाही बहुतेक फायदा होतच असावा, पोपट सगळ्यात आधी धोका बघून बोंब मारतात, पण माझा अंदाज म्हणून सांगतेय.

हे झाड आणि घरटं मिळून किती जणांचं घर आहे ते यावरून कळेल. मांदुवीचंच घ्या, त्याच झाडाच्या ढोलीत पंतनालमधले निळे हायसिंथ मकाव पोपट अंडी घालतात, त्यांची जवळजवळ सगळी घरटी तिथे याच एका जातीच्या झाडात सापडतात. आणि ढोली व्हायला झाड बरंच जुनं व्हावं लागतं, साठेक वर्षांचं तरी. एक जुनं झाड पडलं तर नवीन रोप लावून भरपाई होत नाही, निदान आपल्या हयातीत नाही.

दुपारच्या उन्हात उघड्या घरट्यात पिल्लं भाजून निघत नाहीत का?

त्रास होतोच. मोठे पक्षी सूर्याकडे पाठ करून पंख थोडे उघडतात आणि पिल्लांवर सावली धरतात. शिवाय करकोच्यांची एक युक्ती आहे, ऐकायला विचित्र वाटेल, ते स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात, ती वाळताना पायातलं रक्त थंड होतं, पाय म्हणून पांढरट दिसतात. ज्या वाचकांनी फोटोत पायांना चुना लागलाय का असं विचारलं होतं त्यांचंही उत्तर यातच आलं.

हा पक्षी फक्त पंतनालमध्येच आहे का, आणि पंतनाल म्हणजे नक्की काय? तलाव, जंगल की दलदल?

आधी पहिलं. जाबिरू मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून मध्य अमेरिका, मग व्हेनेझुएला, कोलंबिया, गयाना, ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे करत उत्तर अर्जेंटिनापर्यंत आहे. मध्य अमेरिकेत थोडेच उरलेत, बेलीझमध्ये क्रुकेड ट्री नावाच्या अभयारण्यात दरवर्षी कोरड्या महिन्यांत जमतात आणि तिथले लोक त्यांना जपतात. व्हेनेझुएलाच्या यानोसमध्ये बरे आहेत. पण सगळ्यात जास्त पंतनालमध्ये, आणि तिथल्या लोकांनी त्याला आपल्या प्रदेशाचं चिन्हच करून टाकलंय, तिथे त्याला तुयुयू म्हणतात.

पंतनाल म्हणजे वरच्या पॅराग्वे नदीचं पूरमैदान. क्षेत्रफळ दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, त्यातला मोठा भाग ब्राझीलच्या माटो ग्रोसो आणि माटो ग्रोसो डो सुल या दोन राज्यांत आणि उरलेला बोलिव्हिया-पॅराग्वेत. एका वाक्यात बसवायचं तर ही एक भली मोठी उथळ परात आहे जिच्या कडेने पठारं आहेत आणि जिचा तळ इतका सपाट की पाण्याला कुठे जायचं तेच कळत नाही, किलोमीटरमागे उतार काही सेंटीमीटरचाच. पठारावरून नद्या खाली आल्या की त्यांचा वेग एकदम मरतो आणि पाणी पसरतं. उत्तरेला कुयाबा नदीच्या भागात पूर जानेवारी ते मार्चला दिसतो आणि तोच पूर सरकत सरकत दक्षिणेला कोरुंबा शहरापाशी पोचेपर्यंत मे-जून उजाडतो, तोपर्यंत तिथला पाऊस संपून गेलेला असतो. स्वच्छ आकाश, पावसाचा थेंब नाही आणि पाणी चढतंय, असं असतं तिथे.

म्हणजे तलाव नाही, जंगलही नाही, नुसती दलदलही नाही. गवताळ मैदान, त्यात थोडी उंच बेटं ज्यांच्यावर झाडं, मध्ये तळी, तळ्यांना जोडणारे नाले, आणि वर्षातून एकदा सगळं एक होतं आणि पुन्हा वेगळं होतं. जाबिरूला नेमकं हेच पाहिजे, उंच बेटावरचं मोठं झाड आणि त्याच्या आसपास आटणारं पाणी, दोन्ही जवळजवळ.

पंतनालमध्ये गुरं पाळतात असं वाचलं. मग जाबिरूला त्या गुराखी लोकांपासूनच धोका असेल ना?

असं सरळ म्हणता येत नाही. पंतनालची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, मोठमोठे फाझेंदा, म्हणजे गुरांचे मळे, आणि तिथे दोनशेपेक्षा जास्त वर्षं गुरं चरतायत. पुराचं पाणी शेती करू देत नाही, म्हणून लोकांनी नैसर्गिक गवतावर गुरं सोडली, पाणी चढलं की उंचावर न्यायची, उतरलं की खाली आणायची. या पद्धतीत जमीन नांगरली जात नाही, झाडं बरीचशी राहतात, आणि जाबिरू गुरांच्या कळपाशेजारी आरामात चरताना दिसतो. नुसतं गुरं वाईट, जंगल चांगलं असं म्हणून चालणार नाही. जिथे जुन्या पद्धतीने चालतंय तिथल्या मळेवाल्यांनी हा प्रदेश राखलाय हे मान्य केलंच पाहिजे.

त्रास सुरू होतो तो नैसर्गिक गवत काढून परदेशी गवत लावायला उंच बेटांवरची झाडं तोडली जातात तेव्हा. कारण पुराच्या वर असलेली जागाच थोडी आहे आणि पिउव्हा-मांदुवीही तिथेच. २०२३ च्या शेवटी माटो ग्रोसो डो सुल राज्याने पंतनालसाठी वेगळा कायदा केला, चांगली गोष्ट आहे, अंमलबजावणी कशी होते ते महत्त्वाचं.

आणि खरी मोठी काळजी तर पंतनालच्या बाहेर आहे, वरच्या पठारावर. पाणी तिथून येतं. १९७० नंतर तिथे झाडी काढून सोयाबीन आणि कुरणं वाढत गेली, माती वाहून खाली आली. ताक्वारी नदी बघा, गाळाने तिचं पात्र इतकं भरलं की तिने काठ फोडले आणि हजारो चौरस किलोमीटर जमीन कायमची पाण्याखाली गेली. पाणीच पाणी, मग जाबिरूला चांगलं असं वाटेल, पण जे पाणी ओसरतच नाही तिथे मासे कोंडत नाहीत, कायम पाण्यात उभी राहिलेली झाडं मरतात, मळे बुडाले ते वेगळंच. वरच्या नद्यांवर छोटे छोटे बरेच जलविद्युत प्रकल्पही होतायत आणि त्यांच्यामुळे पाण्याच्या चढ-उताराची लय बदलते, एकेक प्रकल्प छोटा दिसतो पण सगळ्यांचा मिळून परिणाम मोजायला हवा आणि तो परवानगी देण्याच्या आधी मोजायला हवा.

२०२० च्या आगीत जाबिरूंचं काय झालं? आता नामशेष होणार का?

नामशेष व्हायच्या यादीत तो नाही, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याला सध्या कमी चिंतेच्या गटात ठेवलंय कारण पसारा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी मात्र साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळजवळ बंदच.

आता आग. पंतनालला आग नवी नाही, कोरड्या महिन्यांत गवत पेटतं आणि तिथली बरीच झाडं-गवतं ते सोसतात. २०२० चं वेगळं होतं. आधी पूर नीट आला नव्हता, जी जमीन ओली असायला पाहिजे ती सुकलेली, त्यात माणसांनी लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या, आणि ब्राझीलच्या पंतनालचा पाव भागापेक्षा जास्त प्रदेश एका वर्षात जळला. नंतर संशोधकांनी जळालेल्या भागात चालत जाऊन मेलेले प्राणी मोजले आणि त्यावरून अंदाज काढला की पाठीचा कणा असलेले जवळजवळ १ कोटी ७० लाख प्राणी आगीत थेट मेले, त्यात छोटे साप फार. मोठा जाबिरू उडून जाऊ शकतो. पण आगीचे महिने कुठले तर जुलै ते ऑक्टोबर, आणि पिल्लं घरट्यात कधी तर नेमकी तेव्हाच, आणि ११० दिवस पूर्ण व्हायच्या आत पिल्लाला उडता येत नाही. वर मी वेळाचं लिहिलं होतं ते यासाठी. ज्या जोडीची त्या वर्षीची पिल्लं गेली आणि झाडही गेलं तिला नवीन उंच झाड शोधायला लागणार, काटकी काटकी करून परत सुरू करायला लागणार.

२०२४ मध्ये परत मोठ्या आगी लागल्या. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाडारिओ इथल्या मोजपट्टीवर, जिथे १९०० पासून पॅराग्वे नदीची पातळी रोज लिहिली जाते, पाणी पट्टीवरच्या शून्याच्या खुणेखाली ६९ सेंटीमीटर गेलं, सव्वाशे वर्षांतलं सगळ्यात कमी. याआधीचा नीचांक १९६४ चा होता. १९६० च्या दशकातही तिथे लांब दुष्काळ पडला होता आणि नंतर पाणी परत आलं, त्यामुळे सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा पठारावर झाडी होती, आता तिथे शेतं आहेत, आणि हवाही तेव्हापेक्षा तापलेली आहे, म्हणून या वेळी पाणी आपोआप परत येईल असं धरून बसणं मला धोक्याचं वाटतं.

कधी जायचं झालं तर कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसेल?

बघायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे ट्रान्सपंतानेरा रस्ता, पोकोने गावापासून पोर्तो जोफ्रेपर्यंत साधारण १४५ किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यावर शंभराच्या वर पूल. हा रस्ता पुरापेक्षा उंच करायला दोन्ही बाजूंची माती खणून टाकली, त्या खड्ड्यांमध्ये कोरड्या दिवसांतही पाणी राहतं आणि म्हणून पक्षी अगदी रस्त्याला लागून दिसतात. जुलै ते सप्टेंबर चांगला काळ, घरट्यात पिल्लं, पिउव्हाला फुलं, रस्ता चालू. डिसेंबर ते मार्च पाणी चढलेलं असतं, पक्षी पांगलेले आणि रस्ता कधी बंद, तेव्हा जाऊ नका.

गाडीतून बघितलं तर पक्षी बिथरत नाही, खाली उतरून घरट्याच्या झाडाकडे चालत गेलात तर मोठा पक्षी उठतो आणि तेवढ्या वेळात पिल्लांवर ऊन पडतं, कराकारा नावाचे शिकारी पक्षी तर अशा संधीची वाटच बघत असतात. ड्रोन उडवू नका. आणि चांगली दुर्बीण घेऊन जा, वरच्या जाबिरूकडे सगळेच बघतात, तुम्ही काटक्यांच्या खालच्या कडेला बघा, पोपटांची तोंडं बाहेर आलेली दिसतील.